नामावळीतील तिसरा

डोळ्यांनी वाचण्याची सवय सुटून कानांनी वाचण्याची पाळी आली, तेव्हापासून माझ्या कुलवृत्तांतातील मयतांची संख्या वाढू लागली आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यथासांग पार पडली. पण दृष्टिपटलाच्या मध्यभागी जो डाग पडला आहे त्यावर इलाज नाही, आणि मोडीचे वळण असे की अक्षराची कड दिसून भागत नाही, त्याचा गाभाच दिसावा लागतो. म्हणून मोडी शिकण्यासाठी येणारी एक मुलगी हल्ली समोर बसून रुमालांतले कागद मोठ्याने वाचते आणि मी ऐकतो. डोळा हा मोठा धूर्त कारकून आहे. पान समोर येताच त्यातले कामाचे तेवढे तो उचलतो आणि उरलेले आपण पाहिलेच नाही अशी धन्याची समजूत करून देतो. कानाला ही विद्या येत नाही. वाचणारी ज्या क्रमाने वाचील त्याच क्रमाने मुले जन्मतात, त्याच क्रमाने मरतात, आणि ऐकणाऱ्याला मध्येच उठून जाण्याची सोय राहत नाही.

माझ्या वाचनाच्या वेगाचा मला गर्व होता हे लपविण्यात अर्थ नाही. घसरट मोडीतला आख्खा ताव, शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरांची रांग लावलेला, मी चार माणसांच्या देखत एका दमात वाचून दाखवीत असे आणि त्यांच्या तोंडावरचे आश्चर्य तिरप्या नजरेने टिपीत असे. त्या वेगाचे रहस्य इतकेच होते की ज्याचा वंश पुढे चालला त्याच्यावर माझी दृष्टी ठरे आणि ज्याचा खुंटला त्याच्यावरून ती घसरे.

पण हा दोष एकट्या डोळ्याचा नव्हे. आम्ही ज्या कागदांवर जगतो त्यांची प्रकृतीच तशी आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले आणि घरोघरच्या इनामदारांनी आपापल्या कैफियती व वंशावळ्या हजर केल्या. आज आमच्या धंद्याची निम्मी इमारत त्या वंशावळ्यांवर उभी आहे. परंतु त्या लिहिणाऱ्यांना पूर्वजांचे स्मरण करावयाचे नव्हते, हक्क शाबीत करावयाचा होता. तीन दिवस जगलेल्या मुलीचा कोणत्याही जमिनीवर हक्क नव्हता, तेव्हा कैफियतीत तिला जागा नाही. बाळंतपणात गेलेल्या प्रथम पत्नीला मुलगा झालेला असला तर 'प्रथम संबंध' एवढ्या दोन शब्दांपुरती ती उरते; नसला तर तेही नाही. धर्मशास्त्रही या बाबतीत महसूलखात्याहून फार उदार नाही: दोन वर्षांच्या आतले मूल पुरावे, त्याला उदकक्रिया नाही. अर्थात त्याची तिथी नाही, आणि तिथी नाही म्हणून क्षेत्राच्या उपाध्यायाच्या वहीतही ते नाही.

घरातल्या आचारांत मात्र कधी कधी माग लागतो. एखाद्या कुटुंबात भाद्रपद वद्य नवमीला अविधवानवमीचे श्राद्ध पिढ्यान् पिढ्या चालत आलेले असते आणि ते कोणासाठी हे कोणालाच सांगता येत नाही. तेथे नवऱ्याच्या आधी गेलेली कोणी सुवासिनी आहे असे खुशाल समजावे आणि त्या पिढीतल्या बिजवराच्या लग्नाचे साल शोधावयास लागावे. दगडू, धोंडू, केरू अशी नावे वंशावळीत लागली म्हणजे मी पेन्सिलीने बाजूला खूण करतो, कारण आधीची मुले जगली नाहीत म्हणजे पुढच्याचे नाव दृष्ट लागण्याजोगे ठेवीत नसत. धोंडूच्या बाबतीत मात्र पंचांग उघडून पाहावे. तो केवळ अधिक महिन्यात जन्मलेलाही असू शकतो.

थोरांच्या चरित्रांत हे मृत्यू टिकले आहेत, पण तेही त्या थोरांच्या आश्रयाने. आनंदीबाई जोशी यांचे मूल दहा दिवस जगले हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे; कारण त्या दहा दिवसांतून पुढे एक डॉक्टर निघाली. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई १८७३ साली निवर्तल्या आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाई त्या घरात आल्या. सखूबाई आपल्याला ठाऊक आहेत त्या न्यायमूर्तींच्या आणि रमाबाईंच्या पुण्याईने. असा आश्रय ज्यांना मिळाला नाही त्यांच्यासाठी गावचे जन्ममृत्यूचे बुक, म्हणजे चौदा नंबरचा नमुना, एवढेच काय ते ठिकाण. तेथेही मृत्यूच्या कारणाचा रकाना तुटपुंजा: पटकी, देवी, ताप, हगवण, जखमा, इतर. ज्या साथीला आमच्या आज्या मानमोडी म्हणत, ती १९१८ सालच्या पावसाळ्याअखेर दख्खनभर पसरली. तिच्यासाठी वेगळे घर नव्हते, म्हणून ती तापाच्या घरात बसली. आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिले तर १९२१ च्या शिरगणतीत माणसे १९११ पेक्षा कमी भरली, हे मी पूर्वी व्याख्यानांतून मोठ्या ऐटीने सांगत असे. त्या मुलीने १९१८ च्या ऑक्टोबराची पाने वाचावयास घेतली तेव्हा 'ताप, ताप, ताप' या एका शब्दाचा असा ठेका धरला गेला की तिने आपण होऊन तो शब्द गाळून नुसती वये वाचण्यास सुरुवात केली. त्यांत विशी-तिशीतल्या बायका फार होत्या.

हे सर्व परक्यांचे. माझा काटा घरातलाच आहे, आणि तो काही केल्या निघत नाही.

आमचे गाव माणदेशातले. शके १७९७ मध्ये माझे खापरपणजोबा सहकुटुंब त्र्यंबकेश्वरी गेले, तेव्हा उपाध्यायाच्या वहीत त्यांनी तीन मुलगे नोंदले. तिसऱ्याचे नाव माझ्या पणजोबांचे. शके १८०७ मध्ये ते पुन्हा गेले, पुन्हा तीन मुलगे, पुन्हा तिसऱ्याचे नाव तेच. यात कोणालाही शंका येण्याचे कारण नव्हते. पणजोबा स्वतः सांगत की मी दुष्काळाच्या आधीचा. आणि त्या हिशेबाने १९५५ साली घरात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन थाटाने साजरे झाले. सोवळ्यात बसलेल्या त्या वृद्धाचे छायाचित्र कुलवृत्तांताच्या आरंभी घालावयाचे, दीर्घायुष्य हे आमच्या घराण्याचे लक्षण म्हणून त्याखाली छापावयाचे, हे माझे फार दिवसांचे मनसुबे. मग पणजीच्या माहेरच्या दप्तरातून लग्नाच्या वेळी धाडलेले पणजोबांचे टिपण निघाले. त्यात जन्मशक १८०१.

म्हणजे १८७९. मग चार वर्षे आधी त्र्यंबकेश्वरी आईच्या कडेवर कोण होता?

मध्ये दुष्काळ आहे. १८७६ चा पाऊस गेला. १८७७ च्या जानेवारीत सरकारने दुष्काळावर धाडलेल्या टेंपलसाहेबाने दुष्काळी कामावरच्या मजुरांची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. त्या सालच्या बुकात आमच्या गावची एक नोंद आहे: मुलगा, वय ३, ताप, बापाचे नाव खापरपणजोबांचे. आडनाव लिहिण्याची चाल नव्हती. आणि त्या नावाचे दोन पुरुष त्या काळी गावात होते, दोघेही आमच्याच भाऊबंदकीतले, दोघांचीही घरे एकाच आळीत.

या नोंदीभोवती मी किती फिरलो आहे! टिपण खोटे असू शकते. वधूपक्षाकडे धाडलेल्या टिपणात वराचे वय चार-पाच वर्षांनी उतरविणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. ग्रह मांडून पाहिले तर ते त्या शकाशी जुळतात. पण वय उतरविणारा जोशी ग्रहही उतरवून मांडीलच. उलट, आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत पाहता, एक नातू गेल्यावर ते नाव मोकळे झाले आणि पुढच्याला मिळाले, यात अस्वाभाविक काय आहे? मग पणजोबांना आपले वय जे सांगण्यात आले ते थोरल्या भावाचे, आणि त्यांच्या सहस्र चंद्रांपैकी साठेक चंद्र त्या तीन वर्षांच्या मुलाच्या खात्यातले. "काका, तो आणि हा एकच, हे तुम्हांला कागदावरून वाटतं की फोटोवरून?" असे त्या मुलीने विचारले. मी तिला त्या दिवशीचा पाठ लवकर आटोपण्यास सांगितले.

या कामी कोणाचा सल्ला घ्यावा अशी माणसे आता राहिली नाहीत. मोडी वाचणाऱ्यांना अलीकडे बरकत आली आहे, पण ती दाखल्यांमुळे. जातीचा रकाना वाचावा, नक्कल काढावी आणि पान उलटावे, एवढ्यावर त्यांचा निर्वाह चालतो, आणि त्यांच्या पोटावर मी पाय देऊ इच्छीत नाही. दुसरे आमचे गुळगुळीत कागदवाले कुलवृत्तांतकार. आरंभी परशुरामापासूनचा इतिहास, मध्ये परदेशस्थ कुलबांधवांचे पत्ते, शेवटी देणगीदारांची छायाचित्रे, आणि वंशवृक्ष संगणकावर असा रेखलेला की एकही फांदी मध्येच तुटलेली दिसू नये. त्यांना हसताना माझा आवाज चढतो. परंतु स्वच्छ, समतोल, पानभर पसरलेल्या वंशवृक्षाची हाव मलाही होती, आणि अल्पायुषी मुले त्यात घातली की चित्र काटेरी दिसते हे माझ्या डोळ्यांनाही बोचत असे. आता तर निराळाच रोग जडला आहे. कुलवृत्तांताच्या समितीच्या बैठकीत त्या मेलेल्या मुलांविषयी बोलू लागलो की माझा कंठ दाटतो, लोक स्तब्ध होतात, आणि ती स्तब्धता मला पूर्वीच्या वाहवेइतकीच गोड लागते.

समितीतल्या चुलतभावांचे म्हणणे असे की कागदाने सिद्ध न होणारे मूल वंशावळीत घालणे म्हणजे बखर लिहिणे; आणि माझ्या सगळ्या आयुष्याची शिस्त त्यांच्या बाजूने आहे. तरीही मी घातले आहे. तिसऱ्या जागी ते नाव, पुढे 'थोरला', जन्म सुमारे १८७४, मृत्यू १८७७, आणि डोक्यावर संशयाचे चिन्ह; त्याच्या खाली तेच नाव, पुढे 'धाकटा', शके १८०१. छायाचित्राखालचा दीर्घायुष्याचा मजकूर काढला. सहस्रचंद्रदर्शनाचे साल मात्र राहू दिले, कारण समारंभ झाला होता आणि जेवणावळीचा हिशेब उपलब्ध आहे. सध्या मुद्रिते येत आहेत. मुद्रितशोधक मोठा काटेकोर गृहस्थ. एकाच बापाच्या पोटी एकच नाव दोनदा पाहून तो थोरल्यावर नेमाने काट मारतो, ती मुलगी मला तसे वाचून दाखवते, आणि मी चाचपडत समासात 'असू द्यावे' असे लिहून मुद्रित परत धाडतो.