छत नसलेल्या कमानी : व्हॅलेटाचे उद्यान आणि बंदरातून येणारी भाकरी

१/ भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाची राजधानी व्हॅलेटा. तिच्या तटबंदीच्या सर्वांत उंच बुरुजावर ‘अप्पर बराक्का’ हे सार्वजनिक उद्यान आहे. मध्यान्हीच्या सुमारास तेथे पोहोचलेला प्रवासी गर्दीबरोबर कठड्याशी उभा राहतो. खालच्या टप्प्यावरून बाराची तोफ सुटते, तिचा धूर ‘ग्रँड हार्बर’ या विस्तीर्ण बंदरावर विरून जातो आणि गर्दी पांगते. मागे वळल्यावर मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात येते : उद्यानातील दगडी कमानींची रांग उभी आहे, पण तिच्यावर छत नाही.

२/ १५६५ मध्ये ऑटोमन सैन्याचा वेढा परतवल्यानंतर सेंट जॉनच्या नाइट्सनी १५६६ मध्ये हे तटबंद नगर वसवण्यास आरंभ केला. १६६१ मध्ये फ्लामिनियो बाल्बियानी या इटालियन नाइटने बुरुजावरील कमानींवर छत घातले. ही जागा तेव्हा इटालियन नाइट्सच्या विसाव्यासाठी राखीव होती. सामान्य माल्टी माणसाला तेथे स्थान नव्हते.

३/ येथून दिसणाऱ्या बंदराचे मोल केवळ लष्करी नव्हते. माल्टाची भूमी खडकाळ आणि तुटपुंजी. बेटावर पिकणारे धान्य लोकांना पुरत नसे. गहू मुख्यतः सिसिलीतून गलबतांनी येई. बंदरावर ज्याची सत्ता, त्याच्याच हाती बेटाची भाकरी.

४/ ग्रँड मास्टर हिमेनेसच्या काळात तिजोरी रिती झाली आणि धान्याचे भाव चढले. सप्टेंबर १७७५ मध्ये काही धर्मगुरूंनी बंड पुकारून सेंट एल्मो किल्ला आणि सेंट जेम्स बुरूज ताब्यात घेतला. अपेक्षित लोकउठाव झाला नाही आणि बंड लगेच मोडले. तिघांना देहान्त शासन झाले. नेता गाएतानो मान्नारिनो १७९८ मध्ये फ्रेंच येईपर्यंत बंदिवासात राहिला.

५/ आता त्या हरवलेल्या छताकडे वळू. या बंडाची खलबते त्याच कमानींखाली झाली, म्हणून हिमेनेसने ते छत उतरवले, अशी परंपरागत कथा आहे. ती खरी मानली, तर चार माणसांनी आडोशाला बसून बोलण्याचीही सत्तेला किती धास्ती वाटत होती, हे त्या मोकळ्या कमानी आजही सांगतात.

६/ ब्रिटिश अमलात, १८२४ मध्ये, उद्यान सर्वांना खुले झाले. भाकरीचा प्रश्न मात्र सुटला नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत ७ जून १९१९ रोजी व्हॅलेटात जमाव रस्त्यावर उतरला. ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. या दंगलीत चौघांचा बळी गेला. १९२१ मध्ये माल्टाला मर्यादित स्वराज्य मिळाले. ७ जून हा आज तेथील राष्ट्रीय दिन आहे.

७/ १९४२ मध्ये जर्मन-इटालियन बॉम्बवर्षाव आणि नाकेबंदीमुळे बेट उपासमारीच्या काठावर होते. ऑगस्टमध्ये १४ मालवाहू जहाजांचा ताफा निघाला. त्यांपैकी केवळ ५ पोहोचली. अखेरचे तेलवाहू ‘ओहायो’ १५ ऑगस्टला, दोन्ही बाजूंनी विनाशिकांनी सावरलेले, बुडण्याच्या बेतात बंदरात शिरले. त्याच्या स्वागताला तटांवर लोक दाटले होते. ज्या बंदराकडे पूर्वी मूठभर नाइट विरंगुळा म्हणून पाहत, त्याच बंदराकडे आता अवघे नगर डोळे लावून बसले होते.

८/ उद्यानात शिल्पकार अँटोनियो शॉर्टिनो यांच्या एका शिल्पाची प्रतिकृती आहे : तीन धावणारी गरीब मुले. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील गाव्रोश या पोराचे नाव त्या शिल्पाला दिलेले आहे. प्रवासी त्यांच्यापाशी थांबतो, मग कमानींखालून परततो. वर उघडे आकाश असते. एकेकाळी शिक्षा म्हणून केलेली ती मोकळीक आता सर्वांच्या वाट्याला आली आहे.