मुक्काम नदीच्या अलीकडे की पलीकडे?

सहलीचा बेत ठरला की आपण आधी तिकिटे काढतो, मग काय काय पाहायचे याची यादी करतो. राहायचे कोठे, हा प्रश्न शेवटी उरतो. ‘रात्री पाठच तर टेकायची आहे, कोठेही चालेल,’ असे म्हणून आपण तो निकालात काढतो. आठवडाभराच्या सहलीत हे खपून जाते. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत मात्र ही बेपर्वाई चांगलीच महागात पडते. मुक्काम चुकला की शहरही चुकते.

सहा वर्षांपूर्वी अहमदाबादला आमचे असेच झाले. एका परिचितांनी सुचवलेल्या, नदीच्या पश्चिमेकडील हॉटेलात आम्ही उतरलो. खोली स्वच्छ होती, लिफ्ट होती, नाश्ता भरपूर होता. पण नाश्ता आटोपून, पूल ओलांडून जुन्या शहरात पोहोचेपर्यंत अकरा वाजत. भर उन्हात रिक्षातून जे दिसले ते पाहिले आणि परतलो. संध्याकाळी पुन्हा पूल ओलांडायचा कोणालाच उत्साह नव्हता. घरी आल्यावर लोकांनी विचारले, “माणेक चौकात रात्री काय खाल्लेत?” तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

एका शहराची दोन शहरे

मुक्काम ठरवण्यापूर्वी अहमदाबादची मांडणी समजून घ्यायला हवी. सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये वसवलेले तटबंदीचे शहर साबरमतीच्या पूर्वेला आहे. भद्रचा किल्ला, तीन दरवाजा, १४२४ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीद आणि दगडी जाळीसाठी जगभर नावाजलेली सिदी सैयद मशीद, सारे याच बाजूला. मराठ्यांचा अंमल होता त्या काळाची आठवण सांगणारी गायकवाड हवेलीही इथलीच. पश्चिमेला रुंद रस्ते, नवी हॉटेले, मोठी दुकाने आणि गांधीजींचा साबरमती आश्रम.

पूर्वेकडील शहर पोळींचे आहे. पोळ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली गल्ली. आत खेटून उभी असलेली लाकडी कोरीव कामाची घरे, घरापुढे ओटा, घराच्या मध्यभागी उघडा चौक आणि नाक्यावर पक्ष्यांना दाणे घालायचा उंच खांबावरचा चबुतरा. २०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भारतातील हा मान मिळवणारे हे पहिले शहर. आता पोळीतील काही जुन्या घरांत पाहुण्यांना राहण्यासाठी खोल्या मिळतात.

गेल्या डिसेंबरात पुन्हा जायचे ठरले, तेव्हा या वेळी पोळीत राहायचे असे मी जाहीर केले.

“पोळीत?” सासूबाई हसल्या. “अगं, पोळी ताटात असते. तिच्यात राहायचे कसे?”

ह्यांना मात्र हसू आले नाही. “आईचे गुडघे विसरलीस का? त्या घरांचे जिने म्हणजे शिड्या असतात. लिफ्ट नाही, दारात गाडी येत नाही. हौस तुझी आणि त्रास तिला.”

बोलणे खोटे नव्हते. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मग मी फोटो पाहणे थांबवले आणि सरळ घरमालकांना फोन केला. तळमजल्यावर खोली आहे का? स्वच्छतागृह खोलीला लागून आहे की चौक ओलांडून? कमोड आहे का? रिक्षा कोठपर्यंत येते? रात्री उशिरा दरवाजा कोण उघडते? गृहस्थ मोकळे निघाले. म्हणाले, “वरच्या खोल्या सुंदर आहेत, पण आजींना त्या देऊ नका. खाली चौकाला लागून एक खोली आहे, साधी आहे, ती घ्या. रिक्षा पोळीच्या दरवाजापर्यंत येईल. पुढे दोनशे पावले चालावे लागेल.”

दोनशे पावले सासूबाईंना मान्य होती. ह्यांनी हात जोडले आणि आमचे ठरले.

अर्ध्यातून परतण्याची सोय

शुक्रवारी रात्री मुंबईहून गाडीत बसलो आणि सकाळी तेथे उतरलो. शनिवारी रात्री जेवायला पायीच माणेक चौकात गेलो. दिवसा हा सराफांचा बाजार. दुकानांची दारे ओढली गेली की त्याच चौकात खाण्याच्या गाड्या लागतात. भाजीपाव, डोसे, चॉकलेट घातलेली सँडविचे, कुल्फी, आणि बसायला जागा मिळेल तेथे बसलेली अवघी कुटुंबे. चिरंजीवांना अननसाचे सँडविच इतके आवडले की दुसरे मागवावे लागले. सासूबाई मात्र एक कुल्फी संपवून थकल्या. मी त्यांना घेऊन दहा मिनिटांत खोलीवर परतले. बाप-लेक हवे तितका वेळ हिंडून आले.

मुक्काम जवळ असण्याचा खरा फायदा मला त्या रात्री कळला. ज्याला थकवा आला त्याला अर्ध्यातून परतता येते आणि बाकीच्यांची सहल मोडत नाही. नदीपलीकडे असतो, तर सासूबाई ‘तुम्ही जा, मी पडते’ म्हणून खोलीवरच राहिल्या असत्या. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचे तर लांबचे सुखसोयींचे हॉटेल बरे, ही आपली समजूत निदान दोन दिवसांच्या सहलीत तपासून पाहण्यासारखी आहे.

ओट्यावरची सकाळ

रविवारी साडेसहाला जाग आली तर सासूबाई खोलीत नाहीत! घाबरून बाहेर आले. शेजारच्या ओट्यावर एका वृद्ध गुजराती बाईंबरोबर बसून त्या पापडी सोलत होत्या. त्या बाई गुजराती बोलत होत्या, या मराठी, आणि दोघींचे छान चालले होते.

बाईंनी आम्हाला आपल्या चौकातले टाके दाखवले. गच्चीवरचे पावसाचे पाणी नळाने उतरवून जमिनीखाली साठवायची ही जुनी सोय. झाकण उचलल्यावर सासूबाई वाकून बराच वेळ आत पाहत राहिल्या. त्यांचे बालपण पुण्याच्या शनिवार पेठेतील वाड्यात गेले. “आमच्याही वाड्यात हौद होता. वाडा पाडला तेव्हा तोही बुजवला,” एवढेच त्या म्हणाल्या. तेथे आता सात मजली इमारत आहे. तिच्यासमोरून जाताना त्या मान वर करीत नाहीत, हे मला ठाऊक होते. कारण त्यांनी कधी सांगितले नव्हते.

बाईंची मुलेही नदीपलीकडे राहायला गेली आहेत. गल्लीतली बरीच घरे कुलूपबंद आहेत. बंद घराला वाळवी लागते, कौले सरकतात, आणि मग एक दिवस ते पाडण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. आमच्या घरमालकांनी पाहुण्यांच्या पैशांतून छताची कौले बदलली, कुजलेली एक तुळई नवी घातली. पाहुणे आले नसते, तर आपणही घर विकले असते, असे ते म्हणाले.

पण याची दुसरी बाजूही त्या बाईंनीच सांगितली. काही पाहुणे मध्यरात्रीपर्यंत गच्चीवर गोंगाट करतात, विचारल्याशिवाय लोकांच्या खिडक्यांचे फोटो काढतात. साऱ्याच घरांचे हॉटेल झाले, तर ओट्यावर पापडी सोलायला कोण बसणार? पोळीत राहायचे तर शेजाऱ्यासारखे राहायला हवे.

कोणी कोठे राहावे?

पोळ सर्वांनाच मानवेल असे नाही. पहाटे अजान, मागोमाग देवळाची घंटा आणि नंतर स्कूटरींचे भोंगे यांमुळे ह्यांची झोप पुरती झाली नाही, आणि ते अजूनही नदीपलीकडचाच पक्ष घेतात. चाकांच्या खुर्चीतील व्यक्ती बरोबर असेल, स्वतःची गाडी असेल, किंवा साबरमती आश्रम, अडालजची वाव आणि सरखेज हेच मुख्यतः पाहायचे असेल, तर पश्चिमेकडे उतरणे योग्य. पहाटेची गाडी पकडायची असेल तर एका रात्रीपुरते स्थानकाजवळ राहावे. मात्र खोली पाहून मगच पैसे द्यावेत.

जुने शहर पाहायचे असेल, तर पोळीत किंवा निदान भद्रच्या आसपास राहावे. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत महापालिकेची वारसा-फेरी सकाळी निघते. १९९७ पासून ती सुरू आहे. जवळ राहणाऱ्याला ती चुकत नाही. मेट्रोचे घीकांटा स्थानक जुन्या शहरातच असल्याने पश्चिमेकडे जाणेही सोपे झाले आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उत्तरायणात, म्हणजे १४ जानेवारीच्या सुमारास, पतंगांसाठी पोळीतील गच्च्यासुद्धा भाड्याने जातात. तेव्हा जायचे तर खोली फार आधी ठरवावी. सामान हातात उचलता येईल एवढेच घ्यावे. चाकांची बॅग त्या फरसबंदीवर चालत नाही.

परतीच्या गाडीत ह्यांनी आईंना विचारले, “गुडघे दुखले ना?”

“दुखले,” सासूबाई म्हणाल्या. “ते घरीही दुखतात.” मग पिशवीतून बाईंनी दिलेली पापडी काढून त्यांनी माझ्या हाती दिली आणि उद्या भाजी कशी करायची ते सांगू लागल्या.