आडोसा

चिरंजीवांच्या अमेरिकेंतील बिऱ्हाडीं येमेन देशच्या सरडगुहिऱ्याची, म्हणजे रंग पालटणाऱ्या शॅमेलिऑनची, मादी पाळलेली आहे. (आपल्याकडील सरडगुहिरा पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे.) आम्ही तेथें असतांना तिच्या गडद झालेल्या अंगावर पिवळे-निळे ठिपके उमटले, अन्नावरची वासना उडाली, आणि एरवीं फांदी न सोडणारी ती पिंजऱ्याच्या तळाशीं अस्वस्थपणें फिरूं लागली. नराचा सहवास तिला कधींच घडला नव्हता; परंतु ही जात नरावांचूनही निष्फळ अंडीं घालते, आणि तीं पोटांत अडलीं तर जिवावर बेततें.

सूनबाईंनीं फूटभर खोल भांड्यांत, बीळ ढासळणार नाहीं इतपत ओली वाळू भरली. खरी शुश्रूषा मात्र पुढेंच होती. खणतांना कोणी पाहत आहे असें वाटलें, कीं ही मादी बीळ अर्धवट टाकते व अंडीं धरून ठेवते. म्हणून पिंजऱ्यास चादर बांधली गेली. नातवंडांस, व आम्हांसही, त्या खोलीची बंदी झाली.

तिसऱ्या दिवशीं ती वाळूनें माखलेली, पोट खपाटीस गेलेली अशी वर आली, आणि कितीतरी वेळ पाणी पीत राहिली. वाळूंत एकेचाळीस अंडीं निघालीं.

बाळंतिणीच्या खोलीचा पडदा विटाळाचा म्हणून आपण काढला, तें योग्यच झालें. परंतु त्याबरोबर तिचा एकांतही गेला काय, याचा विचार मोठ्या कुटुंबांनीं अवश्य करावा. प्रसंगीं पाठ फिरविणें हीही सेवाच होय.