जुळलेलं मशीन

लिपिक-टंकलेखकाच्या जागेला पदवी लागते, आणि मराठी टायपिंगचं मिनिटाला 30 शब्दांचं नाहीतर इंग्रजीचं 40 शब्दांचं सर्टिफिकेट लागतं. पदवी धाकट्या बहिणीकडं होती. बी.ए.ची गुणपत्रिका आणि कडेवर दीड वर्षाचा पोरगा घेऊन ती माहेरी आली. का आली ते घरात कुणी विचारलं नाही, इथंही सांगायचं कारण नाही. महिनाभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली, मग तालुक्याच्या गावी टायपिंगचा क्लास लावला.

क्लासात रोज एक तास मशीन मिळायचं. जायला-यायला एस.टी.त दोन तास. तेवढ्यानं बोटं वळत नाहीत. मराठीची बटणं टाइपरायटरच्या जुन्या पद्धतीची. काही अक्षरं अर्धी मारायची आणि काना जोडून पुरी करायची. बाई रात्री पुठ्ठ्यावर पेनानं बटणं काढून त्यावर बोटं आपटत बसायची. पुठ्ठ्याला चूक कळत नाही. ते बघून मी आण्णांना म्हणालो, कॉम्प्युटर घेऊ.

साल 2021. नव्या कॉम्प्युटरचा भाव पंचवीस हजारांच्या पुढं. तेवढ्यात आमच्याकडं बोअरची मोटार, केबल आणि वर पाइप येतो. पण मी मोटारी रिवाइंडिंग करणारा माणूस, जुन्या मालाला नाक मुरडत नाही. मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांनी हापिसातले कॉम्प्युटर एकदम बदलतात. तो माल लॉटमध्ये विकला जातो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात साफसूफ होतो आणि तिथनं जिल्ह्याजिल्ह्याला येतो. तसलाच एक बघायला आम्ही सोलापूरला गेलो. आण्णा हट्टानं सोबत आले. बैलबाजारात त्यांची हयात गेलेली.

"वय काय ह्याचं?" आण्णांनी दुकानातल्या पोराला विचारलं.

"आय-थ्री हाय काका, थर्ड जनरेशन."

तो प्रोसेसर 2012 सालचा, म्हणजे नऊ वर्षं, असं मी सांगितलं. "मग जुळलेलं हाय," आण्णा म्हणाले. बैलाचे सगळे दात आले की तो जुळला म्हणतात, त्यापुढं दातावरनं वय कळत नाही. "जुळलेला बैल वाईट नसतो. शिकवायला लागत न्हाय. जू मानतोय का तेवढं बघ."

मी माझ्या परीनं दात बघितले. झाकण काढून कपॅसिटरची टोपणं फुगलीत का ते तपासलं, पंख्याचा आवाज ऐकला, यूएसबीच्या सगळ्या खोबणीत पेनड्राइव्ह घालून बघितला, आणि अर्धा तास मशीन चालू ठेवायला लावलं. खरा दोष गरम झाल्यावर बाहेर येतो, मोटारीचंही तेच. रुमालाखाली बोटं धरायची सोय नव्हती, तोंडानंच सौदा झाला. मॉनिटर, कीबोर्ड, माउस धरून 7,600 रुपये.

घरी आणल्यावर बटण दाबलं की मशीन हाताला लागायला पावणेपाच मिनिटं जायची. आमच्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही, त्यात पाच मिनिटं म्हणजे पुष्कळ. लोक म्हणाले, प्रोसेसर म्हातारा झाला. मला ते पटेना. टायपिंगला असा किती जोर लागतो? दुखणं हार्ड डिस्कचं होतं. तिच्यात तबकडी फिरते, आणि हव्या त्या जागेवरची माहिती उचलायला एक काटा सारखा इकडनं तिकडं पळतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. 240 जीबीची एसएसडी दोन हजारांवर थोड्या पैशात आली. दोन केबली काढून त्याच तिला लावायच्या, विंडोज नव्यानं टाकायचं, झालं. पावणेपाच मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटावर आलं. रॅम चार जीबी होती ती तशीच ठेवली. नुसत्या टायपिंगला पुरते. दुकानदार आधी रॅम वाढवा म्हणतात, पण जुन्या मशीनला पैसा एकाच ठिकाणी घालायचा असेल तर तो डिस्कवर घालावा, असं माझं मत आहे.

दुसरी भानगड अशी की लाइट गेली की घड्याळ मागं जायचं. तारीख चुकली की वेबसाइटी उघडत नाहीत. आत रुपयाएवढा गोल सेल असतो, तीस-चाळीस रुपयांचा. तो बदलला.

पण मला खरी धास्ती वेगळीच होती. दोनच दिवसांत बहीण म्हणाली, "दादा, डब्याला हात लागला की मुंग्या येत्यात." सारवलेली ओलसर जमीन, अनवाणी पाय, आणि पोरगं रांगत जाऊन त्याच डब्याला धरून उभं राहणारं. गावातल्या बहुतेक घरांत थ्री-पिनचं मोठं भोक नुसतं शोभेचं असतं, मागं अर्थिंगची तारच नसते. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. थोडी गळती तिथनं होतेच, ती जमिनीत उतरायची असते. वाट नसली की ती बॉडीवरच थांबते. एवढ्यानं माणूस मरत नाही, पण उद्या आत खरोखर बिघाड झाला तर वाचवायलाही काही नसतं. त्या दिवशी मी मशीन बंद ठेवायला लावलं. न्हाणीच्या मागं, जिथं माती कायम ओली असते तिथं, खड्डा घेतला. जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, तांब्याची तार आत आणली. टेस्टर लावला, तो पेटला नाही. मग पोराला सोडलं.

क्लासातल्या एका जुन्या यूपीएसला नवी बॅटरी बसवून घेतली. लाइट गेल्यावर दहा मिनिटं मिळतात, हातातलं पान पुरं होतं.

बहिणीनं बटणांवर अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. क्लासच्या सरांनी त्या काढायला लावल्या, नजर कागदावर पाहिजे म्हणून. मराठी 30 ती पास झाली. जाहिरातीची वाट बघतीय, तोवर इंग्रजी 40 चालू आहे. पहाटे पाचला बसते, पोरगं उठायच्या आत. आण्णांना त्यातलं काही कळत नाही, पण इंजिन फायर चुकवतंय का ते नुसतं ऐकून सांगणारा कान आहे. ओसरीवर वाकळ ओढून पडल्या पडल्या ते आवाज देतात, "आज अडखळतीयस ग."