दीड लाखाचा कोर्स आणि अकरा वर्षांचं स्टोअर

"दादा, सॅपचा कोर्स करू का? दीड लाख सांगतायत, ईएमआय पण करून देतात."

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. विचारणारे बहुतेक तिशी ओलांडलेले. कुणी भोसरीत स्टोअरला, कुणी चाकणला परचेसमध्ये, कुणी सीएच्या ऑफिसात टॅलीवर. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

मीही त्याच वाटेने आलोय. अकरा वर्षं ऑटो पार्ट्सच्या एका कारखान्यात स्टोअर आणि परचेस केलं. आता सॅपमध्ये एमएम, म्हणजे खरेदी आणि मालसाठ्याचं मॉड्यूल बघतो. लाईन बदलायचं ठरवलं तेव्हा घराचा हप्ता आणि मुलीची फी बाजूला काढून हातात चाळीस हजार उरत होते.

एका क्लासमध्ये चौकशीला गेलो. फी एक लाख साठ हजार, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २८,८०० रुपये नुसता कर. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, तीन वर्षांचा एक्सपीरियन्स आम्ही दाखवतो, त्याचं टेन्शन नको." मी उठलो. फीपेक्षा त्या वाक्यामुळे. खोटा अनुभव चौकशीत उघडा पडला की नोकरी जाते, नाव आपलं खराब होतं, क्लासचं नाही. आणि हप्ते चालूच राहतात.

मुळात सॅप किंवा कुठलंही ईआरपी म्हणजे कारखान्याच्या व्यवहाराची वही. स्क्रीन शिकायला काही महिने लागतात, व्यवहार कळायला वर्षं जातात. जॉब वर्कचंच घ्या. एक्साइज जाऊन १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तरी आपल्याकडे अजून "५७एफ४ चं चलान" म्हणतात. सॅपमध्ये त्या मालासाठी ५४१ ही मूव्हमेंट. तो आकडा दोन दिवसांत पाठ होतो. पण माल वर्षभरात परत आला नाही तर कर अंगावर येतो, प्लेटिंगवाल्याने शंभराचे सत्त्याण्णव नग आणले तर उरलेले तीन कुठे दाखवायचे, हे ज्याने गेटवर उभं राहून निस्तरलंय त्यालाच कळतं. ते भांडवल तुमच्याकडे आधीच आहे. क्लासवाले ते मोजत नाहीत, कारण ते विकता येत नाही.

मी काय केलं ते सांगतो. सॅपच्या स्वतःच्या लर्निंग साइटवर बरेच अभ्यासक्रम मोफत आहेत. सिस्टिमवरचा सराव आणि सर्टिफिकेटची परीक्षा यांना पैसे पडतात. रोज रात्री दोन तास वाचलं. सरावासाठी लॅपटॉपवर ईआरपीनेक्स्ट टाकलं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, लायसन्सचा खर्च शून्य. सॅप वेगळं, मान्य. पण पीओ, जीआरएन, बिल आणि त्यांची लेजरमध्ये पडणारी एंट्री ही साखळी सगळीकडे तीच.

तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगाची ठरली. आमच्या कंपनीत नव्या आवृत्तीचं काम निघालं तेव्हा साहेबांना जाऊन म्हटलं, स्टोअरचं टेस्टिंग मी करतो. जादा पैसे नाहीत, रविवार गेले. पण 'की यूझर' म्हणून खरं काम खऱ्या कागदावर आलं. चाळीस हजारांतले बरेचसे शेवटी परीक्षेवर आणि सरावाच्या सिस्टिमवर खर्च झाले.

सोपं नव्हतं. दीड वर्ष गेलं. पहिली नोकरी सपोर्टची, रात्रपाळीची, पगार जवळपास आधीइतकाच. "पाच महिन्यांत दुप्पट पॅकेज" हे बॅनरवरच असतं. संधी मात्र खरी आहे: सॅपच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, कंपन्यांना एस/४हानावर जावं लागतंय. तिथे कारखाना आतून माहीत असलेली माणसं लागतात.

म्हणून पैसे भरण्याआधी क्लासला तीन प्रश्न विचारा. सरावाची सिस्टिम किती महिने मिळेल? शिकवणाऱ्याने स्वतः किती प्रोजेक्ट केलेत? मध्येच सोडलं तर कर्जाचं काय? उत्तरं लेखी घ्या. "अनुभव दाखवतो" म्हणाले की चप्पल घालून निघा.

आणि एक प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, मग दिवसभर कारखान्यात राबून रात्री शिकणाऱ्याने १८ टक्के का भरायचे? एमआयडीसीच्या आसपासच्या सरकारी आयटीआयमध्ये संध्याकाळी ईआरपीचे वर्ग का होऊ नयेत? कॉम्प्युटर आहेत, फुकट सॉफ्टवेअर आहे, शिकवू शकतील अशी अनुभवी माणसं याच पट्ट्यात राहतात. असा वर्ग निघाला तर शनिवारी शिकवायला मी येतो.