घसारा

मराठी माणसाची प्रगती मोजायची असेल तर त्याच्या घराकडे वर बघू नये, खाली बघावं. आजोबांच्या काळी शेणानं सारवलेली जमीन होती. वडिलांनी शहाबादी घातली. पुढे कर्ज काढून मोझॅक आलं आणि आता व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या आहेत. शहाबादी येते कर्नाटकातल्या शहाबादेहून आणि टाइल्स येतात गुजरातेतल्या मोरबीहून. म्हणजे शेण सोडलं तर मराठी माणसाच्या पायाखाली त्याचं स्वतःचं असं काही उरलेलं नाही. असो.

एवढ्या प्रगतीतही एक टप्पा राहिला होता. तो आमच्या थोरल्या मेहुण्यांनी गाठला. त्यांनी जमिनीला चाकं लावली.

मेहुणे जालन्याचे. जालन्यातला माणूस एक तर सळयांत असतो, नाहीतर बियाण्यांत. मेहुणे सळयांत आहेत. त्यांनी एक वापरलेली बारा आसनी प्रवासी गाडी घेतली, आतली बहुतेक आसनं उपटली आणि तिथं दोन बाक, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. याला मोटारहोम म्हणतात, असं त्यांच्या चिरंजिवांनी आम्हाला सांगितलं. 2021 साली आपल्या राज्य सरकारनं अशा गाड्यांसाठी कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, हीही माहिती त्यानंच पुरवली. सौभाग्यवतींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा तर दिंडीचा ट्रक!"

खरं होतं ते. आषाढी वारीत दिंडीच्या मागे जो ट्रक चालतो, त्यात तंबू असतात, पिठाची पोती असतात, भांडी असतात, वळकट्या असतात, आणि त्या वळकट्यांवर पाय सुजलेली एखादी आजीही असते. फळ्यांवर ताडपत्री टाकली की झाली त्याची फरशी. धोरण नव्हतं तेव्हापासून महाराष्ट्र मोटारहोममध्ये राहतो आहे.

आणि गाडी घेतली होती तीही पंढरपूरसाठीच. सासरे होते तोवर सासू-सासरे दरसाल दिंडीबरोबर पायी जात. सासरे गेले आणि सासूबाईंचं जाणं थांबलं. गुडघ्यांनी संप पुकारला. एसटीची पायरी चढवेना, भाड्याच्या मोटारीत पाय अवघडायचे. त्या तोंडानं काही म्हणायच्या नाहीत. पण आषाढ लागला की अंबडच्या रस्त्याकडं तोंड करून बसायच्या. तेव्हा मेहुण्यांनी ठरवलं, आईला पाय पसरून बसता येईल अशी गाडी करायची.

फक्त गालिचा राहिला होता.

गाडीचे आधीचे मालक ती लग्नाच्या वऱ्हाडासाठी भाड्यानं देत. म्हणून तळाला लालभडक, जाडजूड गालिचा चिकटवलेला. विलायतेत ठीक आहे. तिथं माणसं बंद हवेत राहतात आणि खाली काही सांडत नाहीत. आपल्याकडे आधी जालन्याची धूळ, त्यावर चाळिशीपार गेलेला वैशाखातला पारा आणि त्यावर कित्येक वऱ्हाडांचा मठ्ठा. गाडीचं दार उघडलं की बुंदी, अत्तर आणि ओलं कुत्रं यांचा एकत्रित वास यायचा. गालिचा उचकटला तेव्हा खालून निघाल्या अक्षता, बांगड्यांचे तुकडे, सुपाऱ्या, एक कंगवा आणि एकशे एक रुपयांचं आहेराचं पाकीट. पाकीट रिकामं होतं. म्हणजे गालिच्याच्या आधी ते कुणीतरी पाहिलं होतं. त्याखाली स्पंज, स्पंजाखाली कुजलेला प्लाय आणि प्लायखाली गंजलेला पत्रा. ओल गालिच्यातून आत शिरते, बाहेर पडायला तिला वाट नसते, मग ती पत्रा खात बसते. सळयांच्या व्यापाऱ्याच्या गाडीत गंज! मेहुण्यांना हे फार लागलं.

नवं काय घालायचं, यावर घरात सभा भरली. मी कॉमर्सचा, त्यात बँकेतला. म्हणून वही माझ्या हाती आली.

शेजारच्या काकांनी शहाबादी सुचवली. मी हिशेब केला. गाडीच्या आत बारा फूट बाय पाच, म्हणजे साठ चौरस फूट. इंचभर जाडीची शहाबादी घातली तर साडेतीनशे किलोच्या वर वजन. म्हणजे पाच-सहा धट्टेकट्टे पाहुणे कायमचे झोपवून न्यायचे. वहिनींना व्हिट्रिफाइड हवी होती, घराशी मॅचिंग. तिचं वजन शंभर किलोच्या पुढंच. शिवाय घर उभं राहतं आणि गाडी डुलते. खड्ड्यात चाक गेलं की गाडीचा सांगाडा किंचित पिळतो, टाइल्स पिळत नाहीत, त्या फुटतात. बीडचा रस्ता धरायच्या आत फरशीचा मोझॅक झाला असता. चिरंजिवांनी मोबाइलवर परदेशातल्या गाड्या दाखवल्या. त्यात खटक्यानं एकमेकांत अडकणाऱ्या लाकडी फळ्यांसारखी फरशी होती आणि तिच्यावर एक कुत्रा झोपलेला होता. फरशी आणि कुत्रा, दोन्ही आमच्यापेक्षा चांगल्या स्थितीत दिसत होते.

"काहीही घाला," मी म्हटलं, "पण दरसाल घसारा धरावा लागेल."

कोपऱ्यातून सासूबाई ताडकन म्हणाल्या, "घसारा नको! घरात आहे तेवढा पुरे झाला."

हे कारणाशिवाय नव्हतं. घरात नव्या टाइल्स बसल्या, त्याच वर्षी त्या ओल्या पायानं घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून स्वतःच्या घरात भिंतीभिंतीनं चालतात.

"तो घसारा नव्हे, आई. वस्तू वापरून जुनी होते ना, तशी वहीत दरसाल तिची किंमत कमी करत जायची. त्याला घसारा म्हणतात."

त्यांनी क्षणभर विचार केला. "माणसावर बी धरतात का हो, जावईबापू?"

"धरतात की. आमच्याकडे त्याला रिटायरमेंट म्हणतात."

त्या हसल्या. मग भिंतीला हात लावून उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या दुकानात मी येते."

दुकानात नमुन्यांची रांग मांडली होती. इटालियन वॉलनट, रॉयल ओक, सिल्व्हर ॲश. आम्ही सगळे उभ्या उभ्या नमुने बघत होतो. बुटाच्या टोकानं एकेकाला ढोसत होतो आणि माना डोलवत होतो. दुकानदारानं सासूबाईंना खुर्ची दिली. त्यांनी ती बाजूला सारली आणि इटालियन वॉलनटवर सरळ मांडी घातली.

"आजी, वर बसा ना!"

"काहून? गाडीत काय तुमची खुर्ची नेणारंय मी?"

मग त्यांनी तळहात फिरवला. पिशवीतला तांब्या काढला, वॉलनटवर चूळभर पाणी ओतलं आणि त्यावर टाच घासून पाहिली. टाच सर्रकन सुटली. वॉलनट नापास. ओक नापास. ॲशवर बसून उठता उठता हात सरकला, तेही गेलं. दुकानदार पुसायला फडकं घेऊन मागे मागे. शेवटी कोपऱ्यात उभी करून ठेवलेली एक करडी, बारीक दाणेदार शीट त्यांनी बोटानं दाखवली. विनाइलचीच, पण जाड. बसमध्ये घालतात तशी. तीवर पाणी ओतलं, टाच घासली. टाच जागची हलली नाही. हात टेकला आणि भिंतीशिवाय, कुणाच्याही आधाराशिवाय त्या उभ्या राहिल्या.

"हीच."

"पण आजी, ही एसटीत असते!" नातू कळवळला.

"मग? एसटी रोज जाती पंढरपूरला."

भाव वॉलनटच्या निम्म्यानं कमी निघाला. मी वहीत आकडा मांडला. मेहुण्यांच्या चेहऱ्यावर मातृभक्ती उजळली.

पुढचं काम मिस्त्रींनी केलं. जुना डिंक खरवडला, गंज पॉलिश पेपरनं घासला, वर रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. पाण्याला दाद न देणारा मरीन प्लाय स्क्रूनं आवळला. शीटची गुंडाळी आधी दोन तास उन्हात पसरून ठेवली, म्हणजे ती नरम पडते आणि कडा उचलत नाही. कापताना चारी बाजूंनी दोन दोन इंच जास्त ठेवली आणि चिकटवल्यावर बेतानं छाटली. दाराच्या पायरीवर ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली, कारण माणूस अडखळतो तो नेहमी तिथंच. साठ चौरस फुटांना दोन दिवस लागले. आमच्या बँकेत साठ चौरस फुटांच्या काउंटरची जागा बदलायला तीन परिपत्रकं लागली होती.

कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. अंबड मागे पडलं, शहागडला गोदावरी आली. पुलाअलीकडे गाडी उभी केली आणि डबे सोडले. सासूबाई खाली बसल्या होत्याच. आधी सौभाग्यवती बाकावरून खाली उतरल्या, मग वहिनी, मग मेहुणे पोट सावरत. शेवटी नातूही मोबाइल ठेवून मांडी घालायचा प्रयत्न करू लागला. तेव्हा मला कळलं, की आम्ही सगळे फरशी निवडत होतो ती उभ्यानं, आणि घर वापरायचं असतं ते बसून. त्या सबंध सभेत बसून विचार करणारं माणूस एकच होतं.

जेवणं झाली. सासूबाईंनी शीट फडक्यानं पुसून घेतली, बाकाखालची वळकटी ओढली आणि आपली जुनी वाकळ या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरली. सासऱ्यांच्या धोतरांची शिवलेली वाकळ. दर वारीत ती ट्रकमधून जायची. करडी शीट पार दिसेनाशी झाली.

मेहुण्यांना राहवेना. "आई, वाकळच घालायची होती, तर एवढी शीट कशाला बसवली?"

सासूबाईंनी वाकळीवर पाय पसरले, पाठ टेकली आणि गुडघे चोळत शांतपणे म्हणाल्या,

"वाकळ घसरू नये म्हणून."