वस्तादांची लिंक

तुळजापूरहून सोलापूरकडे घाट उतरताना स्टिअरिंगवर हात माझे असतात, भरवसा मात्र आमच्या जीपचे मिस्त्री असलेल्या वस्तादांचा असतो. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मजुरी वडिलांनी तेव्हाच चुकती केली होती, म्हणजे वहीत काही बाकी नाही. तरी देणं राहिलंच आहे, आणि ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

आमची जीप महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. विलीजच्या आराखड्यावरची, २,१९९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कित्येक महिने ती सास्तूर-लोहाऱ्याकडे पत्रे, धान्य आणि माणसं वाहत होती. आधीच थकलेलं इंजिन त्या धावपळीत पार बसलं. पेट्रोलही परवडेना. वडिलांनी सोलापूरच्या भंगारातून प्यूजोचं डिझेल इंजिन आणलं, २,११२ सीसीचं. ही इंजिनं महिंद्रा इगतपुरीच्या कारखान्यात तयार करत असे.

ज्याने ते बसवलं त्याने इंजिन टेकायला फाउंडेशनच्या पट्ट्या मारल्या आणि उजवीकडची पट्टी नेमकी ड्रॅग लिंकच्या वाटेत आली. ही लिंक म्हणजे स्टिअरिंग बॉक्सच्या आर्मपासून पुढच्या बेल क्रँकपर्यंत जाणारा दांडा. बेल क्रँकपासून दोन टायरॉड दोन चाकांना जातात. आपण चक्र फिरवतो, ते चाकापर्यंत पोचवण्याचं काम या एका दांड्याचं. त्याने तो गॅसवर लाल करून वाकवला, मधे कापून जोड दिला आणि वरून काळा रंग मारला. गाडी वळत होती. नवरात्र तोंडावर आलं होतं, तेव्हा वडिलांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

वस्तादांकडे जीप गेली ती फक्त ब्रेक बघायला. ते खाली सरकले आणि बराच वेळ बाहेर येईनात. मग मला हाक मारली, "लेकरा, आत ये. इथं बोट लाव." रंगाखाली वेल्डचा उंचवटा हाताला लागला. त्यांनी वडिलांना वर बसवून चक्र डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं. दांडा पुढे सरकण्याआधी वाकल्या जागी किंचित फुगायचा, मग चाक वळायचं. "सरळ दांड्याला ढकललं की जोर टोकाला जातो," ते म्हणाले. "वाकड्याला ढकललं की आधी तोच वाकतो. रोज थोडा थोडा. जोडापाशी तुटला की हातात नुसतं चक्र राहील."

"नवरात्र होऊ द्या वस्ताद, मग करू," वडील म्हणाले. भाविकांच्या ने-आणीची सबंध वर्षाची कमाई त्या दिवसांवर होती, हे वस्तादांनाही ठाऊक होतं. त्यांनी लिंक सोडवून काढली, कोपऱ्यात उभी केली. "अण्णा, आईच्या दर्शनाला माणसं बसवणार ना हिच्यात? मग ही इथून हलणार नाही." वडील रागारागाने घरी आले. मी मात्र रोज वस्तादांकडे जाऊन बसू लागलो.

त्यांचा नियम पक्का होता. लिंकसाठी इंजिन सरकेल, इंजिनासाठी लिंक वाकणार नाही. फाउंडेशनची पट्टी कापून त्यांनी नवी आखूड पट्टी बनवली. तरी जागा पुरेना. मग स्टिअरिंग बॉक्स आणि चासी यांच्यामध्ये टर्नरकडून काढून आणलेली पोलादी पट्टी घातली, बोल्ट लांब घेतले, आणि चक्राचा दांडा ताणला जाऊ नये म्हणून डॅशखालच्या ब्रॅकेटची भोकं लांबट केली. लिंक मोडीत निघालेल्या जीपची, पण अखंड आणि सरळ. टायरॉडला त्यांनी हात लावू दिला नाही. लिंकची दोन्ही टोकं चासीवर असतात, ती जराशी बाजूला सरकली तर चालतं. टायरॉडचं एक टोक अ‍ॅक्सलबरोबर वर-खाली होतं. त्याची उंची बिघडली तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपसूक बाजूला ओढते. हे त्यांनी मला जमिनीवर खडूने काढून दाखवलं.

शेवटी डिझेल चालू करून बंद केलं. बंद होताना ते इंजिन सगळ्यात जास्त हादरतं. पहारीने इंजिन दोन्हीकडे रेटत वस्तादांनी पट्टी आणि लिंक यांच्यातल्या फटीत करंगळी घातली. ती मोकळी फिरली तेव्हा त्यांनी स्प्लिट पिना वाकवल्या. नवरात्र गेलं होतं. उस्मानाबादच्या आरटीओत जाऊन नवा इंजिन नंबर आणि इंधन आरसी बुकात चढवून आणा, असंही त्यांनी बजावलं, आणि कोजागरीच्या पुनवेला जीप दिली. त्या रात्री सोलापूरहून चालत आलेल्या, पाय सुजलेल्या म्हाताऱ्या बायांना घेऊन वडील घाट उतरले. पुढे ते प्रत्येक दसऱ्याला वस्तादांकडे सोनं द्यायला स्वतः जायचे.

मी पुढे वस्तादांच्या धंद्यात पडलो नाही, पण कोणाचीही जुनी जीप दिसली की वाकून खाली बघतो. तुमच्याकडे इंजिन बदललेली जीप असेल तर तुम्हीही बघा. ड्रॅग लिंक सरळ आहे का, रंगाखाली जोड लागतो का, इंजिन हलवल्यावर करंगळीएवढी जागा उरते का. वेल्ड हाताला लागला तर लिंक बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, मग सीझन कितीही मोठा असो.